वाघमापे कॅमेरा घेतात

भास्कररावांचं खरं आडनाव जव्हारात फार तर पोस्टमनला ठाऊक होतं. बाकी सगळं गाव त्यांना वाघमापे म्हणे. नव्याने बदलून आलेले एक मास्तर तर ते खरंच आडनाव समजून त्यांच्या दारात गेले, "वाघमापे आहेत का घरात?" असं मोठ्याने विचारलं, आणि चहा न मिळताच परत आले. दारात जानकीबाई होत्या. नवऱ्याला गावाने काहीही म्हणावं, पण आपल्याला कोणी वाघमापीण म्हटलेलं त्यांना खपत नसे, आणि ते खपत नाही हे कळल्यापासून विहिरीवरच्या बायका त्यांच्यामागे दुसरं काही म्हणतच नसत.

नाव उगाच पडलं नव्हतं. संस्थान होतं तेव्हा भास्करराव दरबारच्या शिकारखात्यात कारकून होते. शिकार झाली की जनावर बैलगाडीतून यायचं, आणि भास्करराव कानावर टाक खोचून, हातात टेप घेऊन पुढे सरसावायचे. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी. खांद्याशी उंची. पंजाची रुंदी. गोळी कुठून आत गेली, कुठून बाहेर आली. सगळं लाल कापडी बांधणीच्या वहीत, मोत्यासारख्या अक्षरात. मग दरबारचा फोटोवाला तीन पायांचं धूड उभं करी, काळ्या कापडात डोकं घाली, आणि वाघाचा फोटो निघे. बावीस वर्षं हे चाललं. वाघ झाले, बिबटे झाले, सांबरं झाली, एकदा एक अस्वलही झालं. या बावीस वर्षांत भास्कररावांनी रानात पाऊल टाकलं नव्हतं, ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. त्यांच्याही नाही. जनावर घरपोच येत असताना जायचं कशाला?

अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं आणि सगळ्यात आधी गेलं ते शिकारखातं. भास्कररावांना मामलेदार कचेरीत आवक-जावकच्या टेबलाशी बसवलं. लाल वही कोणी मागितली नाही, म्हणून ती त्यांनी घरी नेली. टेबलाशी बोलायला कोणी नव्हतं आणि घरी जानकीबाई बोलत असल्यामुळे यांना संधी नव्हती. राहिला तो एकच रविवार आणि एकच जागा: वाचनालयासमोरचा श्रीकृष्ण वकिलांचा ओटा. तिथे भास्करराव शिकारीच्या गोष्टी सांगत. अशा सांगत, की वाघाच्या बरोबरीने हेच झाडीतून चालत होते असं वाटावं. आठवडाभर खाली मान घालून लखोट्यांवर आकडे टाकणारा हा माणूस त्या दोन तासांसाठी जगत होता म्हटलं तरी चालेल.

त्या दोन तासांवर गदा आणली ती पोशेऱ्याच्या कोंडीने.

कोंडी पत्रावळींसाठी पळसाची पानं घेऊन जव्हारला येई. बावन्न सालच्या दसऱ्यानंतरच्या एका रविवारी ती वकिलांच्या ओट्याशी भारा उतरवून घाम पुशीत उभी होती. वर भास्करराव ऐन रंगात आले होते.

"...आणि काय सांगू, झाडीत पडलेला तो वाघ उठला!"

"कुठून उठला?" कोंडीने विचारलं. घरच्या बोलीत बोलली असती तर ओट्यावर निम्म्यांना कळलं नसतं. पण बाजारासाठी राखून ठेवलेल्या मराठीत बोलली, त्यामुळे सगळ्यांनाच कळलं.

"कुठून म्हणजे? झाडीतून."

"तसं नाय रे दादा. म्हैस मागून उठते. घोडं पुढून उठतं. वाघ कुठून उठला?"

कोंडी सगळ्यांनाच अरे-तुरे करी, मामलेदारांनासुद्धा. त्याचं कोणाला काही वाटत नसे. पण प्रश्नाने भास्कररावांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. वहीतल्या एकूण एक वाघाची लांबी त्यांना इंचात पाठ होती. पण ते सगळे वाघ आडवे होते.

"वाघ... एकदम उठतो," ते म्हणाले.

"एकदम म्हणजे उडतो का काय?"

ओटा हसून लोटपोट झाला. श्रीकृष्ण वकिलांना तर उलटतपासणीचा वास लागला. चष्मा कपाळावर चढवून ते पुढे सरकले.

"वाघमापे, खरं सांगा. उभा वाघ पाहिलाय कधी?"

भास्कररावांना गोष्ट रंगवता येई, पण सरळ प्रश्नाला खोटं उत्तर देता येत नसे. कारकुनीतला दोष.

"नाही."

"बिबट्या?"

"नाही."

"निदान ससा?"

"ताटात," भास्करराव म्हणाले.

हसू ओसरल्यावर वकिलांनी समोर बोट दाखवलं. वाचनालयाचे अध्यक्ष तेच, आणि आतल्या भिंतीवर जुन्या शिकारींचे सहा फोटो टांगलेले होते. "ते सहा मेलेले आहेतच. तुम्ही एक जिवंत आणा. आपल्याच रानातलं, तुम्ही स्वतः टिपलेलं. अक्षय्य तृतीयेच्या आत. आणलंत, तर मी या वयात स्टुलावर चढून एक वाघ उतरवीन आणि तुमचा फोटो लावीन. नाही आणलंत, तर या ओट्यावर पुन्हा जनावराचं नाव काढायचं नाही. मांजराचंसुद्धा."

भास्करराव "बरं" म्हणाले आणि उठून घरी गेले. दुपारभर त्यांनी लाल वही पालथी घातली. लांबी होती, उंची होती, वजन होतं. जनावर मरण्याच्या आधी काय करत होतं, याला वहीत रकानाच नव्हता. हे आपल्याला बावीस वर्षांत खटकलं कसं नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. वकिलांची पैज बाजूला राहिली. म्हैस मागून उठते हे तरी आपण कधी पाहिलं होतं? ते उठून शेजारच्या गोठ्यात गेले आणि म्हैस उठेपर्यंत तिच्यासमोर बसले. शेजारणीने हे जानकीबाईंना सांगितलं, आणि विहिरीवर ते संध्याकाळपर्यंत पोहोचलं.

दिवाळीच्या सुटीत भास्करराव नाशिकच्या मोटारीत बसले. तिथल्या एका फोटोच्या दुकानात त्यांनी विचारलं, "जनावरासाठी कॅमेरा आहे का?"

"पाळीव?" दुकानदार म्हणाला.

"रानातलं. पाखरूही चालेल."

दुकानदार खुलला. मुंजी आणि लग्नं यांनी तो विटला होता. त्याने टेबलावर एकापाठोपाठ एक कॅमेरे मांडले. "रावसाहेब, अशा कामाला आधी बॉडी बघायची. बॉडी चांगली निवडली की भिंग पुढेमागे बदलता येतं."

बॉडी म्हणताच भास्कररावांचा हात आपसूक खिशातल्या टेपकडे गेला. त्यांनी प्रत्येक कॅमेरा मापला. लांबी, रुंदी, उंची. मग वहीत कोरं पान काढून रकाने आखले, जसे कचेरीत खुर्च्यांच्या खरेदीला आखतात.

"हा पेटीचा," दुकानदार सांगू लागला. "साधा, गरीब. पण आठ फुटांच्या आतलं याला धड दिसत नाही, आणि पलीकडचं पाखरू तिळाएवढं येतं. हा भात्याचा. घडी घालून कोटाच्या खिशात जातो. अंतर मात्र तुम्ही अंदाजाने लावायचं."

"टेपने मोजलं तर?"

"जनावराने मोजू दिलं तर मोजा. हा दोन डोळ्यांचा. वरच्या डोळ्यात तुम्ही बघायचं, खालचा फोटो काढतो. मान खाली घालूनच वापरायचा."

दरबारात सोयीचा पडला असता, असं भास्कररावांच्या मनात येऊन गेलं.

"पण यात डाव्याचं उजवं दिसतं. पाखरू इकडे उडालं की तुम्ही तिकडे वळता." मग दुकानदाराने मखमलीच्या फडक्यातून एक मुठीएवढी वस्तू काढली. कोणी साहेब मायदेशी जाताना विकून गेलेला, लहान फिल्मचा कॅमेरा. "माझं ऐकाल तर हाच. एका रिळात छत्तीस फोटो. पुढे हे लांब भिंग अडकवलं की चाळीस पावलांवरचा खंड्या हाताशी येतो. सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात पडदा उघडून मिटतो. उडत्या पोपटाची पिसं मोजून घ्या."

"छत्तीस कशाला?" भास्करराव म्हणाले. "एक जनावर, एक फोटो."

"पस्तीस फुकट जातात तेव्हा छत्तिसावा मिळतो."

पस्तीस कागद फुकट घालवणाऱ्या कारकुनाचं दरबारात काय झालं असतं, ते भास्कररावांना माहीत होतं. त्यांनी मान वर केली, आणि कपाटाच्या माथ्यावर त्यांना जुना सोयरा दिसला. सागवानी अंग, पितळी कोपरे, चामड्याचा भाता, तीन पाय. काचेच्या प्लेटांचा कॅमेरा. दरबारच्या फोटोवाल्याकडे होता तसाच, अगदी तोच.

"तो? तो आता गटफोटोलाही कोणी नेत नाही."

"त्याने काढलेला एखादा फोटो दाखवा. आणि लहान फिल्मचाही."

दोन्ही समोर आले. भास्कररावांनी भिंग मागितलं. लहान फिल्मवरचा मोठा करून काढलेला खंड्या भिंगाखाली रवा सांडल्यासारखा दिसला. प्लेटेवरचा कुठल्यातरी शिकारीतला वाघ मात्र असा आला होता, की डाव्या गालावरच्या मिशा मोजता याव्यात. भास्कररावांनी त्या मोजल्या. एकोणीस. मग वहीत नवा रकाना आखला: 'मिशा'. लहान फिल्मसमोर लिहिलं, 'रवाळ'. प्लेटांसमोर लिहिलं, 'मोजता येतात. हाच घ्यावा.'

दुकानदार अडगळ जाणार म्हणून खूश झाला, पण माणूस प्रामाणिक होता. "रावसाहेब, याला मांडून, नेम धरून, प्लेट सरकवून फोटो घ्यायला तीन-चार मिनिटं जातात. जनावर तेवढं थांबेल का?"

"आजवर सगळी थांबली आहेत," भास्करराव म्हणाले.

यात खोटं काहीच नव्हतं.

कॅमेऱ्याबरोबरच्या काळ्या कापडाला कसर लागली होती. दुसरं तेवढं काळं कापड घरात एकच होतं: जानकीबाईंची चंद्रकळा.

"अहो, माझं लुगडं डोक्यावर घेऊन तुम्ही रानात काय बघणार?"

"जनावर."

"आणि जनावर काय बघेल?"

शेवटी संक्रांतीला घडी न मोडलेली परत मिळायला हवी, या बोलीवर चंद्रकळा मिळाली. संक्रांतीला ती परत आली तेव्हा तिला बोरीचे काटे आणि कसलीशी पिसं लागलेली होती, आणि जानकीबाईंनी हळदीकुंकवाला हिरवं नेसून गावाला आणखी एक विषय पुरवला. चंद्रकळा मग कॅमेऱ्याकडेच राहिली.

हिवाळाभर भास्करराव सुटीच्या दिवशी तीन पाय खांद्यावर टाकून हिंडले. खोडाळ्याच्या बाजाराजवळून गेले तर लोक गोळा झाले. सरकारी माणूस आणि तीन पायांचं यंत्र म्हणजे जमिनीची मोजणी, अशी सगळ्यांची समजूत. भास्करराव चंद्रकळेत शिरले की दुधी काचेवर सगळं जग उलटं लटके, आणि त्यातलं जनावर नेमकं जाग्यावर आलं की ते त्या जगातून निघून जाई. वानर आलं ते तीन शेपट्यांचं. मोराच्या जागी धूर आला. मुंगसाने तर फक्त धोंडा मागे ठेवला. एक बगळा डबक्यात अर्धा तास पुतळ्यासारखा उभा होता. भास्कररावांनी फोटो घ्यायचा रबरी फुगा दाबायला आणि त्याने मासा टिपायला एकच गाठ पडली, आणि अंग कोरल्यासारखं सुरेख, पण मानेच्या वर काही नाही असा बगळा प्लेटेवर आला. धुण्यासाठी प्लेटा मोटारीने नाशिकला जात, आणि परत येताना दुकानदाराची चिठ्ठी असे. 'धोंडा उत्तम आला आहे.'

"काय वाघमापे," वकील ओट्यावरून विचारत, "उठलं का कुठे काही?"

भास्करराव नुसते हसत. पण पूर्वी ते रानातून आल्यावर गोष्ट सांगत नसत, कारण रानात जातच नसत. आता जात होते, पाहत होते, बगळ्याची मान मासा धरण्याआधी थोडी मागे जाते हे त्यांना कळलं होतं, आणि सांगायची बंदी येण्याची वेळ मात्र जवळ येत चालली होती. चैत्र लागला तेव्हा दोन प्लेटा उरल्या होत्या.

कोंडी कच्च्या करवंदांची पाटी घेऊन दारात आली तेव्हा ते पायरीवर बसून भिंग पुशीत होते. तिने कॅमेऱ्याभोवती एक फेरी मारली. सगळी हकिगत ऐकून घेतली.

"म्हणजे तुझा डबा हळू आहे," ती म्हणाली.

"हळू म्हणजे?"

"त्याला दिसायला वेळ लागतो. माझ्या सासऱ्यासारखा. मग त्याला पळणारं कशाला दाखवतोस? बसणारं दाखव."

"बसतं कोण?"

"रातवा बसतो. राबाला पातेरा गोळा करत होते मी. हात घालणार, तर पातेऱ्यात पाखरू. हात टेकेपर्यंत उठलं नाय. खाली दोन अंडी. तेवढा पातेरा तसाच ठेवलाय. पण मंगळवारी राब पेटवणार आमचा."

पावसाळ्याआधी रोपांच्या जागेवर पातेरा आणि डहाळ्या पसरून जमीन भाजायची, तो राब. आणि त्या भाजणीसाठी गोळा केलेल्या सुक्या पानांत हे पाखरू बसलेलं. रविवारी सकाळी भास्करराव मोखाड्याच्या मोटारीने निघाले आणि फाट्यावर उतरून पोशेऱ्याला पोचले.

कोंडीचा नवरा बुधा बांधावर विडी ओढत बसला होता. "पाखरासाठी ही राब अडवून बसलीय," तो म्हणाला. "आता तू आलास. तुम्ही दोघं मिळून पाऊस पण थांबवा."

कोंडीने हनुवटीने दाखवलं. "ते बघ."

भास्कररावांना सुकी पानं दिसली.

"कुठे?"

"अरे समोर. त्या वाकड्या काटकीपाशी."

काटकी दिसली. पाखरू दिसेना. शेवटी कोंडी सांगेल तिथे, गुडघ्यांवर सरकत, पाच फुटांवर त्यांनी तीन पाय रोवले आणि चंद्रकळेत डोकं घातलं. दुधी काचेवर उलटा पातेरा आला. त्यांनी भाता पुढे केला, मागे केला. पानं, शिरा, देठ. आणि एका पानाला डोळा होता.

डोळा म्हणजे नुसती फट, मिटत आलेली. मग डोकं सापडलं, पाठ सापडली, पानाच्या कडेसारखी पंखाची कड सापडली. ते पाखरू यांच्याकडे बघत होतं आणि आपल्याला कोणी बघत नाही अशा खात्रीने बसलं होतं. त्यांनी आणखी बारीक नेम धरला, आणि इवल्याशा चोचीच्या दोन्ही बाजूंना ताठ काळे केस दिसले.

"मिशा!" लुगड्याच्या आतून दबका आवाज आला. "अगं कोंडी, पाखराला मिशा आहेत!"

"असतात," कोंडी म्हणाली. "ओरडू नको."

त्यांनी प्लेट लावली, झाकण सरकवलं, फुगा दाबला, दोन सेकंद मनात मोजले, सोडला. रातव्याचं पीसही हललं नाही. प्लेट धरणाऱ्या चौकटीच्या दुसऱ्या अंगाला शेवटची प्लेट होती. चौकट उलटी करून त्यांनी तिचंही झाकण ओढलं, आणि तेवढ्यात दरीतून वाऱ्याची झुळूक आली. चंद्रकळेचा पदर फडकला. पानांतून पान उठावं तसं पाखरू उठलं, आवाज म्हणून नाही, पंखांवर दोन पांढरे ठिपके चमकले आणि झाडीत नाहीसे झाले.

प्लेट उघडी होती. उघडलेला कागद कोरा ठेवायचा नाही, ही कचेरीची शिस्त. भास्कररावांनी फुगा दाबला आणि रिकाम्या पातेऱ्यातल्या दोन अंड्यांचा फोटो घेतला.

"उठवलंस ना," कोंडी म्हणाली. "आता उचल तुझा डबा आणि चल लांब. माणूस दिसलं तर ती परत नाय यायची."

तिने दोघांनाही, नवऱ्याला आणि भास्कररावांना, गुरं हाकावीत तसं हाकललं.

पंधरवड्याने नाशिकहून पाकीट आलं. अक्षय्य तृतीया अजून पुढे होती. रविवारी वाचनालयात ओट्यावरची सगळी मंडळी जमली. वकिलांनी पहिला फोटो खिडकीशी नेला.

"पाचोळा," ते म्हणाले. "पण काय पाचोळा आहे! देठ मोजून घ्या."

मंडळी खो-खो हसली. भास्कररावांनी फोटो उलटा धरला, स्वतः काचेवर पाहिला होता तसा, आणि पेन्सिलीचं टोक टेकवलं. वकिलांनी भिंग लावलं. हसू जिरलं.

"अरेच्चा!" वकील म्हणाले. "हा डोळा आहे."

मग ज्याला त्याला भिंग हवं झालं. ज्यांना दिसलं ते ओरडत होते, ज्यांना दिसत नव्हतं ते भांडत होते. पण वकील ते वकील. चष्मा परत कपाळावर गेला.

"पाखरू आहे, हे मान्य. जिवंत आहे, हे कशावरून?"

"म्हणजे?"

"डोळा मिटलेला. अंग ताठ. केस केस स्पष्ट, म्हणजे तसूभरही हललेलं नाही. तुमच्यामागचे सहाही वाघ असेच आहेत. मेलेलं पाखरू पानांवर ठेवून फोटो काढला, असं मी म्हटलं तर तुम्ही काय दाखवणार?"

एवढ्या हौसेने निवडलेल्या कॅमेऱ्याने घात केला होता. जे स्थिर राहील तेच त्याला दिसे, आणि स्थिर दिसलं की ते मेलेलं ठरे. पुढच्या रविवारपासून ओट्यावर पावसापाण्याच्या गप्पा ऐकत बसायचं, आणि या पाखराला मिशा असतात हे कोणाला सांगायचं नाही. ते पाकीट आवरू लागले. दुसरा फोटो दाखवण्यासारखा नाही म्हणून त्यांनी तो आतच ठेवला होता. तो अर्धा बाहेर आला.

"ते काय?" वकील म्हणाले.

"काही नाही. फुकट गेलेली प्लेट. पाखरू नाही त्यात."

"बघू."

वकिलांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. तीच वाकडी काटकी. तेच भोक पडलेलं पान. तीच सावली. एकात पाखरू, एकात त्याच जागी दोन अंडी.

भास्करराव ते पाहत राहिले, आणि एवढ्या वर्षांच्या कारकुनीत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "वकीलसाहेब, तुमच्या भिंतीवरचा एक तरी वाघ फोटोतून उठून गेलाय का?"

वकिलांनी दोन्ही फोटो पुन्हा पाहिले. मग धोतर सावरलं आणि म्हणाले, "स्टूल आणा रे."

एक नाही, दोन वाघ उतरले. दोन फोटो चढले. मंडळी भास्कररावांना ओढत ओट्यावर घेऊन गेली. "बोला वाघमापे! होऊन जाऊ दे." आणि भास्करराव बोलले. मिशा सांगितल्या, पांढरे ठिपके सांगितले, आवाज न करता उडणं सांगितलं. गोष्ट संपली आणि वकिलांनी सहज विचारलं,

"मग ती परत आली का?"

"कोण?"

"कोण काय! ती. अंड्यांवर."

"ते... मला माहीत नाही. कोंडीने आम्हाला हाकललं."

ओट्यावर चुळबुळ झाली. "दोन अंडी उघडी टाकून आलात आणि माहीत नाही?" वकील म्हणाले. "आणि राब? तो मंगळवारी पेटला असेल ना?"

"पेटला असेल."

"तुम्ही माणूस आहात की कोण!"

दुसऱ्या दिवशी सोमवार, कोर्टाचा दिवस. भास्करराव रजेचा अर्ज टाकून मोटारीच्या थांब्यावर आले, तर तिथे छत्री टेकून श्रीकृष्ण वकील आधीच उभे. "तारीख पुढे घेतली," ते म्हणाले, दुसरीकडे बघत. "मलाही मोखाड्याला काम आहे." मोखाड्याचं काम पोशेऱ्याच्या फाट्यावरच उतरलं आणि धोतर खोचून भास्कररावांच्या मागे चालू लागलं.

कोंडीचा राब काळाभोर भाजला होता. मधोमध घोंगडीएवढा पातेरा मात्र पिवळाच्या पिवळा होता; त्याच्या कडेकडेने आग हातांनी वळवलेली दिसत होती. बुधा बांधावरून म्हणाला, "डहाळ्या घेऊन दोघं धावलो त्या दिवशी. माझी मिशी भाजली. तिचा फोटो काढ."

वकील उत्साहाने पुढे झाले.

"थांब!" कोंडी म्हणाली.

वकिलांचा उचललेला पाय हवेतच राहिला. "आहे?"

"आहे."

"कुठे?"

भास्करराव हळूच खाली बसले. आता त्यांना कुठे पाहायचं ते कळत होतं. वाकड्या काटकीपाशी ती फट होती, तो डोळा होता. आणि तिच्या पोटाखालून बाहेर आलेली दोन पानं, एवढीशी, श्वास घेत होती.

"वाघमापे, तुम्हाला दिसतंय ना? अहो सांगा ना!" एका पायावर, छत्रीच्या आधाराने डुलत वकील कुजबुजले. "पाय तरी कुठे ठेवू?"

"ठेवू नको," कोंडी म्हणाली. "आधी बघ."